चौघांची गाडी

माझ्या मावसाजींचा उभ्या जगात एका मोटारीखेरीज कशावरच विश्वास नव्हता. तुमसरला त्यांचा धानाचा व्यापार. पोत्यात लोखंडी परखी खुपसून आतले दाणे तळहातावर घेतल्याशिवाय ते सख्ख्या भावाचं धान घेत नसत, आणि मनातल्या मनात हीच परखी साऱ्या दुनियेत खुपसत फिरत. डॉक्टरने गोळी दिली की म्हणत, "आधी तुमी खाऊन दाखवा." लग्नात जेवण फार चांगलं झालं, तर मुलीत काही खोड आहे का, अशी हळूच चौकशी करत. अपवाद फक्त त्यांच्या जुन्या अँबॅसेडरचा. शहापूरच्या एका लग्नाला तिच्यात आम्ही सगळे गेलो, डिकीत तांदळाचं पोतं होतं, वाटेत भेटलेले दूरचे पाहुणेही कोंबले होते. ती मध्येच बंद पडली तेव्हा मावसाजी झाडाखाली शांतपणे बसून म्हणाले, "थकली ते. माणूस नाही थकत का?"

पुढे त्यांच्या मुलाला, सुधाकरला, नागपुरात नोकरी लागली. शहाऐंशीच्या सुमारास त्याने बजरंगबलीच्या नावाची ती नवी छोटी गाडी घेतली आणि वडिलांना दाखवायला आणली. मावसाजींनी तिला फेरी मारली, टपावर टिचकी मारली. "हा पत्रा हाय का पापड?" इंजिनाचा आवाज येईना, तसे ते जास्तच बिथरले. "चूप राह्यते त्याच्या पोटात का हाय, कोणाले समजते?" बसा म्हटलं, तर चपला काढून उभे राहिले. "देवाच्या नावाच्या गाडीत चपला घालून कसा बसू?" मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.

"माणसं किती बसतात याच्यात?"

"चार, बाबूजी."

मावसाजींनी सुधाकरकडे, सुनेकडे, दोन्ही नातवंडांकडे एकेक करून पाहिलं. "बराबर हाय. मंग आमी दोघं कोठी बसाचं?"

अंगणातलं हसू थांबलं. सुधाकर गडबडीने म्हणाला, "तुमाले काहून नेणार नाही? दोन चकरा मारीन ना!" पत्रा, इंजिन ही सारी निमित्तं होती. म्हातारपणी पोरगा आपल्याला सोबत नेईल की नाही, या एकाच शंकेने हा माणूस गाडी ठोकून पाहत होता. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

काही वर्षांनी मावशी गेली. तेरवी आटोपल्यावर सुधाकर त्याच गाडीतून वडिलांना नागपूरला न्यायला एकटाच आला. मावसाजी कसलीही चौकशी न करता मागे जाऊन बसले, गुडघे जवळ घेऊन, दाराला अगदी चिकटून.

मी म्हटलं, "मावसाजी, आरामात बसा ना. सारी सीट मोकळी हाय."

त्यांनी शेजारच्या जागेवरून हात फिरवला.

"पाह्य ना," ते म्हणाले, "मी उगाच भांडलो. आमी दोघं मावलो असतो."