आमच्या घरी गोड बंद आहे

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मागच्या धोंड्याच्या महिन्यात एका रविवारी वारले, त्या वेळी ते अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते. त्यांच्या जाण्याला सर्वस्वी मी कारणीभूत होतो.

पिंगळीत स्टेशनच्या वाटेवर माझं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस आधी चहा सांगतो, मग मोटार दाखवतो, आणि ती चालू झाली की पेढे आणतो. (तीच मोटार पुन्हा जळाली की काय आणतो, ते इथं सांगत नाही.) वीस वर्षं असा गोडीगुलाबीनं धंदा केल्यावर परभणीच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "महिनाभर साखर, गूळ, सगळं बंद. महिन्यानं उपाशीपोटी रक्त तपासू. कमी आलं तर ठीक, नाहीतर जन्माची गोळी."

त्या गोळीला मी फार भ्यायलो. आमचे एक चुलते गोळीवरून सुईवर गेले होते, आणि सुई दिसली की मी आडवा होतो. तेव्हा काही झालं तरी महिनाभर गोडाला शिवायचं नाही, असं मी बायकोसमोर, म्हणजे सुरेखासमोर, ठणकावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला खोकला नसताना खोकल्याचं औषध पिताना पकडलं.

"हे काय करायलाव?"

"घसा खवखवतोय."

"अर्धी बाटली खवखवला?"

त्याच दिवशी तिनं साखरेचा डबा, गुळाची ढेप आणि ती उरलेली अर्धी बाटलीसुद्धा शेजारी नेऊन दिली. घरात सगळ्यांनाच गोड बंद झालं. यात खरे हाल झाले ते अण्णांचे. वय ऐंशी, दुखणं एकही नाही, आणि दिवसातून चार वेळा फिका चहा. "शुगर ह्याला, अन् शिक्षा मला," असं ते रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून सांगत.

वीस दिवस मी कसेबसे काढले, आणि पालमहून सासऱ्यांचा फोन आला.

"पाव्हणं, धोंड्याचा महिना लागलाय. लेकीला घेऊन कवा येताव?"

अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. त्यातून माझ्या सासूबाईंच्या धोंड्यांना वरून तुपाची धार असते. नुसत्या आठवणीनं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी मन घट्ट केलं.

"येतो मामा, पण धोंडे करू नका. आमच्या घरी सध्या गोड बंद आहे."

"कामून?"

आता खरं सांगायचं, तर पंचेचाळिशीत मला शुगर झाली, हे सासऱ्यांना कसं सांगू? लग्नाच्या वेळी याच माणसानं मला आपादमस्तक न्याहाळून "पोरगा जरा किरकोळच वाटतो" असा शेरा मारला होता. मी पटकन म्हणालो, "अण्णांमुळं."

पलीकडचा टीव्ही एकदम बंद झाला. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. आमच्या भागात सबंध घराचं गोड बंद होतं ते एकाच कारणानं, आणि त्या कारणाला आधी सुतक लागतं.

"कवा झालं?" सासऱ्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"झाले की वीस दिवस."

"अन् आमाला खबर न्हाई?"

"उगं कशाला गाजावाजा, म्हणून कुणालाच सांगितलं नाही. वय आहे मामा, आज ना उद्या व्हायचंच."

"लय हाल झाले का?"

"छे. त्यांना तर काही जाणवलंच नाही. तपासायला नेलं, तिथंच कळलं. एका अर्थी बरंच झालं, पेढ्यांच्या नादातून सुटले एकदाचे."

"सोन्यासारखा माणूस," असं म्हणून सासऱ्यांनी नाक ओढलं. "दुसऱ्या रविवारी येतो आमी."

शुगर विचारायला पालमहून येतात, केवढी ही माया, असं मला वाटलं. घरी मी हे कुणाला बोललो नाही, कारण मग अण्णांचं नाव का सांगितलं ते सांगावं लागलं असतं.

तो रविवार माझा शेवटचा दिवस होता. म्हणजे महिन्यातला. एकोणतीस दिवस मी गोडाला शिवलो नव्हतो आणि सोमवारी सकाळी रक्त द्यायचं होतं. मी खुशीत अंघोळीला गेलो, तेवढ्यात दारात जीप थांबली आणि सासूबाईंनी जीपमधूनच हेल काढला. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून त्या रडत रडत अंगणात आल्या आणि पहिल्या दिसलेल्या माणसापुढं मटकन बसल्या. तो माणूस म्हणजे अर्ध्या गालाला साबण लावलेले अण्णा.

अण्णा घाबरले. पालमला काहीतरी वाईट घडलं, अशी त्यांची समजूत झाली. "विहीणबाई, धीर धरा," ते गहिवरून म्हणाले. "कोण गेलं?"

"अण्णा गेले वोऽऽ," सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

"अरारा. कोणते अण्णा?"

"आमचे पिंगळीचे."

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. "पिंगळीत तर मीच हाय," ते म्हणाले.

सासूबाईंनी पदर वर केला, अण्णांकडं बघितलं आणि त्यांचा हेल मध्येच तुटला. मागून सासरे येत होते, त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. तिच्यातून माझ्यासाठी आणलेली दुखवट्याची टोपी आणि टॉवेल बाहेर आले. मी ओल्या अंगानं धावत बाहेर आलो, तर सासऱ्यांनी मुकाट्यानं तोच टॉवेल माझ्या हातात दिला.

"आये, फोन तरी करायचा मला," सुरेखा म्हणाली.

"फोनवर रडावं का लेकीजवळ? तोंडासमोर येऊन रडावं म्हणलं."

मग सगळे माझ्याकडं वळले. अण्णांनी दुसरा गाल न करताच वस्तरा ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "शुगर ह्याला हाय. मला काई न्हाई. माझ्या नावावर खपिवली ह्यानं."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सासऱ्यांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "मला सहा वर्षं झाली. तुमाला काय वाटंल, म्हणून मीबी बोललो न्हाई." तेव्हा मला भरून आलं, ते खरं.

पण सासूबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं. "जित्या माणसाला रडले मी," त्या म्हणाल्या. "आता घरादाराचं तोंड गोड केल्याबिगर मी उठत न्हाई. अन् पहिला घास पोरानं खायाचा." म्हणजे मी. शेजारून आमचाच गूळ परत आला, डाळ शिजायला पडली आणि दुपारी पानात तुपाची धार धरलेले धोंडे आले.

"मामी, उद्या माझी तपासणी आहे."

"मंग? बापाच्या जिवापरीस तपासणी मोठी हाय का?"

मी पान जवळ ओढलं. पहिला धोंडा मी बापासाठी खाल्ला. पुढचे कुणासाठी खाल्ले ते सांगता येणार नाही, पण अण्णा मोजत होते आणि सातानंतर त्यांचाही हिशेब चुकला.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पुन्हा चष्मा काढून ठेवला. कागदावर गोळीचं नाव लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काल कुठं लग्नाला गेला होता का?"

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "आमचे वडील वारले नव्हते, त्याचं जेवण होतं."