कंस सोडवायचे नव्हते

आज हिंजवडीहून घरी पोचले तेव्हाच डोकं बधिर झालं होतं. त्यात नववीतल्या लेकीची उद्या बीजगणिताची चाचणी.

x² + 7x + 12 चे अवयव तिने अचूक पाडले: (x + 3)(x + 4). मग त्याच कंसांचा गुणाकार करून पुन्हा x² + 7x + 12 लिहिलं आणि उत्तराभोवती चौकट केली. सगळ्या गणितांत हेच!

"अगं, हे कशाला?"

"कंस दिसला की सोडवायचा, असं तूच शिकवलंस ना?"

"अवयव पडले की काम झालं. तिथेच थांबायचं."

तिने माझ्या मांडीवरच्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे पाहिलं. "तू थांबतेस?"

मंडळी, लॅपटॉप लगेच मिटला. आता हे मोबाईलवर लिहितेय, म्हणजे थांबले नाहीच. तुम्हाला तरी जमतं का हो?