भुरका, शेवया आणि शुक्रवारची करी

आमच्याकडे कोणी जेवायला आलं की माझी बायको वर्षा मला आधीच बजावते, "ऑफिसचे किस्से सुरू करू नकोस, भात निवतो." पण मी काय करू? किस्से झालेच मुळी जेवणाच्या टेबलावर. आणि आठ वर्षांत इतके साठलेत, की एक काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतोच.

जहाजावरची नोकरी सोडून मी किनाऱ्यावर आलो तेव्हा सार्सची साथ नुकतीच ओसरली होती. सिंगापूरच्या जुरोंग ईस्ट भागात एका जपानी जहाज कंपनीचं छोटंसं ऑफिस होतं. इंजिनांची देखभाल माझ्याकडे. साहेब म्हणजे मोरिता-सान, साठीला आलेले, पूर्वीचे चीफ इंजिनियर. तिसरी मिस लिम. खलाशांची कागदपत्रं बघायची. जन्मापासून तिथल्याच बेडोकला राहिलेली, तोंडाने फटकळ. दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवायचो. मोरिता-सान जेवायला दोनच ठिकाणी न्यायचे. एक नूडल्सचं दुकान, दुसरं करीचं.

*

पहिल्याच दिवशी करी. मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम. समोर आलं ते घट्ट, तपकिरी, गोडसर. बटाटा, गाजर, बाजूला चिकट भात.

"कशी आहे?" मोरिता-साननी विचारलं.

"छान. पण आमच्यासारखी नाही."

"अर्थात. करी जपानी पदार्थ आहे." ते अगदी शांतपणे म्हणाले. "तुमच्या घरी कुठली करी करतात?"

मी विचार करू लागलो. आमटी, कालवण, रस्सा, कढी, सार... एकेक नाव सांगत गेलो. त्यांनी खिशातली वही काढून सगळी लिहून घेतली. मग यादीवरून पेन फिरवत विचारलं, "आणि यात 'करी' कोणती?"

"अं... तसं नाव कशालाच नाही."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे तुमच्याकडे करी नाही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "हरकत नाही. इथे रोज मिळेल."

*

त्याच दुकानात करीच्या तिखटाचे नंबर होते, एक ते दहा. महाराष्ट्राची अब्रू म्हणून मी एकदा दहा नंबर मागवला. तीन घासांत माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मोरिता-सान एक नंबर खाऊन कपाळ पुसत होते. मिस लिम फोनवर कुणा एजंटाला झापत होती. झापता झापता तिने माझी प्लेट पुढे ओढली, सगळी संपवली, फोन ठेवला आणि मला म्हणाली, "यात मसाला घालायला विसरले का?"

*

आई आणि नाना सांगलीहून महिनाभर राहायला आले होते. नाना पोस्टातून रिटायर झालेले. त्यांचा भुरका हा आमच्या घरातला कायमचा वाद. ताक असो, रस्सा असो, वाटी तोंडाला लागली की शेजाऱ्यांना कळायचं. आणि आई दर वेळी दोनच शब्द बोलायची, "अहो, आवाज." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती.

मोरिता-साननी आम्हा सगळ्यांना नूडल्सच्या दुकानात बोलावलं. वाडग्यातून वाफ येत होती. आई काट्याने दोन-दोन नूडल्स उचलून, ओठ मिटून खात होती. नानांनी पहिला भुरका मारला आणि लगेच आईकडे बघितलं.

"अहो, आवाज."

तेवढ्यात शेजारून मोरिता-साननी भुरका मारला. नानांच्या दुप्पट. नाना चमकले. मी त्यांना सांगितलं, की इथे असंच खातात. आवाज आला नाही तर आचाऱ्याला वाटतं, पदार्थ बिघडला.

नानांनी हातातला चमचा बाजूला ठेवला. वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि बेचाळीस वर्षांची कसर भरून काढली. काउंटरमागचा म्हातारा आचारी मान वर करून बघायला लागला. मग बाहेर आला, नानांसमोर कमरेत वाकला आणि गरम रश्शाची एक छोटी वाटी आपणहून ठेवून गेला. नानांनी पण उठून नमस्कार केला.

आई हे सगळं बघत होती. तिने पदर सावरला, आजूबाजूला एक नजर टाकली, वाडगा उचलला आणि असा काही भुरका मारला की पलीकडच्या टेबलावरची पोरं वळली.

नाना हळूच म्हणाले, "अगं, आवाज."

*

डिसेंबरातल्या शेवटच्या कामाच्या दिवशी मोरिता-सान ऑफिसात सोबा मागवायचे. सोबा म्हणजे गव्हासारख्या रंगाच्या लांबच लांब नूडल्स. पहिल्या वर्षी मी सवयीने चमच्याने त्यांचे तुकडे करायला लागलो. दोघांनी एकदम माझा हात धरला.

"लांब नूडल्स, लांब आयुष्य," मोरिता-सान म्हणाले.

"आम्हा चिनी लोकांत वाढदिवसाला खातात, तेव्हापण कॅनॉट कट, लाह," मिस लिम तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "लवकर मरायचंय का तुला?"

त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मी सांगितलं, की आमच्याकडे शेवया आधी हाताने मोडतात, तुपावर परततात आणि मग दुधात साखर घालून शिजवतात.

"नूडल्स? दुधात?" मिस लिमने डोळे मिटून घेतले.

जानेवारीत वर्षाने डबाभर खीर दिली. मिस लिमने नुसता वास घेतला आणि डाएटचं कारण सांगितलं. मोरिता-साननी चॉपस्टिक्सने प्रयत्न केला, तुकडे काही धरता येईनात. शेवटी चमचा घेतला. एक वाटी संपवली. दुसरी संपवली. मग चमचा खाली ठेवला.

"आयुष्य लहान," ते म्हणाले. "पण गोड."

*

आमच्या एका जहाजावर सगळे भारतीय होते. आचारी होता साळवी, गुहागरकडचा, पस्तिशीचा, अबोल. त्या जहाजावर दर शुक्रवारी दुपारी जपानी करी व्हायची. तो कंपनीचा नियमच होता. मोरिता-सान सांगायचे, "समुद्रावर सगळे वार सारखे. करी आली की कळतं, आठवडा संपला."

एका शुक्रवारी जहाज सिंगापूरला नांगर टाकून उभं होतं आणि जपानहून खुद्द मालक ते बघायला येणार होते. वय ऐंशीच्या पुढे. आणखी दोन जहाजं आपल्या भारतीय खलाशांकडे द्यायची की नाहीत, हे त्या भेटीवर ठरणार होतं. मी सकाळीच लाँचने जहाजावर पोचलो. त्याच लाँचमध्ये करीच्या वड्यांची खोकी होती. गडद तपकिरी, पाटीसारख्या वड्या, गरम पाण्यात विरघळवल्या की झाली करी.

साळवीने खोकं उघडलं, एक तुकडा मोडून जिभेवर ठेवला आणि माझ्यापुढे धरला.

"साहेब, चाखून बघा."

चॉकलेट होतं. सगळी खोकी चॉकलेटची. मालक यायला दीड तास उरला होता.

मी मोरिता-सानना फोन लावू लागलो. साळवी आपल्या केबिनमध्ये गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. कुळथाचं पीठ. त्याच्या आईने भाजून, दळून दिलेलं. घरात भाजी नसली, कोणी तापाने पडलं, की कोकणात त्याची पिठी करतात. त्याने कांदा लालसर परतला, कोंबडी, बटाटा, गाजर घातलं, मसाला घातला, एक सफरचंद किसलं आणि वरून पीठ भुरभुरवत ढवळत राहिला. रंग थोडा फिका वाटला तेव्हा चॉकलेटचे दोन तुकडेही टाकले. "आलंच आहे तर," म्हणाला.

मालक मोरिता-सानबरोबर आले आणि जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि थांबले. जपानीत काहीतरी म्हणाले. मोरिता-सानचा चेहरा उतरला.

"म्हणतात, ही वडीची करी नाही."

मालक पुढे बोलतच होते. मोरिता-सान ऐकत होते, आणि सांगायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "म्हणतात, वड्या बाजारात यायच्या आधी त्यांची आई घरी पीठ भाजून करी करायची. ती अशी लागायची."

मालकांनी प्लेट पुढे केली. आणखी वाढायला सांगितलं.

जेवण झाल्यावर ते काठी टेकत स्वयंपाकघरात गेले. साळवी हात पुसत उभा राहिला. हे पीठ कसलं, असं त्यांनी विचारलं. मी "एक कडधान्य" एवढंच सांगितलं. त्याचं इंग्रजी नाव घोड्यावरून, 'हॉर्स ग्रॅम' आहे हे सांगायचा धीर झाला नाही. मालकांनी पिशवीत हात घातला, चिमूटभर पीठ हुंगलं आणि साळवीचा हात आपल्या दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवला.

पंधरा दिवसांनी दोन्ही जहाजं आपल्या माणसांना मिळाल्याचं पत्र आलं. सोबत सामानाची यादी होती. तिच्यात शेवटी एक ओळ मोरिता-सानच्या अक्षरात: साळवींच्या आईचं पीठ, वीस किलो.

जहाज पुन्हा सिंगापूरला आलं तेव्हा साळवीने माझ्या ऑफिसातूनच घरी फोन लावला.

"आई, कुळथाचं पीठ लागेल. वीस किलो... हो, वीस." मग तो बराच वेळ ऐकत राहिला.

"नाही गं. कोणी आजारी नाही. आवडलंय त्यांना."