शेळीने साबण खाल्ला तेव्हा

पाळणाघरातल्या मावशींना प्राणी आवडतात, पण लांबून. मुलांनीही ते लांबूनच आवडून घ्यावेत, ही त्यांची अपेक्षा मुलांनी कधी मनावर घेतली नाही. गेल्या वर्षी गोठ्याच्या सहलीत एका चिमुरडीने वासराला कुरवाळलं आणि तोच अंगठा तोंडात घातला. पुढे रक्ताचे जुलाब, दवाखाना, सलाईन. पोरगी बरी झाली. मावशींची झोप तेवढी बरी झाली नाही.

यंदाच्या सहलीला तिच्या आईने होकार दिला तोच मुळी "मावशी, तुमच्या भरवशावर पाठवतेय" असं बजावून. ती बजावत होती तेव्हाही पोरीचा अंगठा तोंडातच होता.

वासरं, कोंबड्या सगळं हाताळून झालं. खाऊच्या आधी हात धुवायला पलटण नळावर आली, तर साबणदाणी रिकामी. शेजारी शेळी उभी, तोंडाला फेस.

"माझ्याकडे हात साफ करायचं जेल आहे," गोठ्याचा मालक म्हणाला. "दोन थेंब चोळा की झालं."

"शेणावर अत्तर शिंपडायचंय का? साबण मागवा."

सहलीच्या बसचा ड्रायव्हर दुकानाकडे पळाला. पोरांनी डब्यांसाठी गळा काढला. मावशींनी फर्मान सोडलं, "हात वर! ज्याचा खाली येईल तो शेळीच्या पार्टीत!"

सगळे हात वर करून रांगेत उभे राहिले. मालक म्हणाला, "दरोडा पडलाय का इथे?"

"पडलाय ना. तुमच्या शेळीनेच घातलाय."

तेवढ्यात तो अंगठा हळूच खाली निघाला. गालापर्यंत आला. पोरीने शेळीकडे पाहिलं, पार्टीचा विचार केला आणि हात पुन्हा वर नेला.

साबण आला. मावशींनी एकेक बोट स्वतः घासलं; तो अंगठा दोनदा.

त्रास व्हायचाच तर आठ-दहा दिवसांत होतो, असं डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी मायलेकी समोरच्या फुटपाथवर दिसल्या की मावशी दारातूनच खणखणीत विचारत, "काय हो, शी कशी झाली?" आई बँकेत साहेब होती. ती नुसती मान हलवून लगबगीने आत शिरायची.

दहाव्या दिवशी मावशींनी तोंड उघडायच्या आत पलीकडून आईच ओरडली, "मावशी! छान झाली! एकदम घट्ट!"

शेजारच्या सलूनमधल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या दाढीसकट मान बाहेर काढली.

मावशी पायरीवर टेकल्या. वर्षभराने त्यांना गाढ झोप येत होती, आणि सकाळचे जेमतेम नऊ वाजले होते.