विलासला काय कळलं होतं

शुक्रवारी सकाळी कॉलेजला निघायच्या गडबडीत फोन वाजला आणि त्यावर विलासचं नाव दिसलं. "अरे, उद्या येतोच आहेस ना, मग आत्ता काय काढलंस?" असं मी उचलल्या उचलल्या त्याच्यावर ओरडलेच. पलीकडे विलास नव्हता, त्याची बायको माया होती. "ताई, आमचे हे राहिले नाहीत..." पहाटे छातीत कळ आली, अमरावतीतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी एका पायात चप्पल घालून तशीच दारात बसून राहिले. मनात पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आता ते कोण सांगणार, असा तो विचार होता.

'ते' काय, हे सांगायचं तर विलासची खोड सांगावी लागेल. उत्तर येत असूनही तो ते सांगत नसे. अमरावतीच्या पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर प्रॅक्टिकल करायचो. एकदा माझा संगणक सुरूच होईना. विलास शेजारी शेंगदाणे खात बसला होता. त्याने एका नजरेत ओळखलं होतं, हे मला दिसत होतं. "सांग ना," म्हटलं. "काहून सांगू? मी सांगितलं त तुले फक्त आज जमन," तो म्हणाला. मग नेहमीची ताकीद. "एका वेळी एकच गोष्ट बदल. चालू करून पाह्य. मंग दुसरी." मी रागाने रडकुंडीला आले, त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि शेवटी नीट न बसलेली मेमरीची पट्टी माझ्याच बोटांना सापडली. त्या दिवसाचा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. मी आज कॉलेजात जे काही शिकवते ते त्या बाकावरचं आहे. तरी खरं सांगते, ती खोड मला कधीच आवडली नाही. किती तरी वेळा वाटायचं, याच्या कानाखाली वाजवावी.

पुढे तो नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात संगणक सांभाळायला लागला आणि मी अकोल्याला आले. इथे आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत मी स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका चालवते. सराव परीक्षा सगळ्या संगणकावर होतात आणि आमच्याकडे संगणक म्हणजे नुसते जुने पडदे आणि कीबोर्ड. विलासने कारखान्यातून मोडीत निघालेला एक सर्व्हर मालकाच्या मागे लागून मागून घेतला आणि सरकीच्या पोत्यांच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर धरून अकोल्याला आणला. त्यावर हायपरव्हायझर बसवायचा बेत होता. हायपरव्हायझर म्हणजे एकाच मशीनच्या पोटात अनेक मशीन चालवणारी व्यवस्था, म्हणजे एका सर्व्हरवर अख्खी खोली अभ्यासाला बसेल. पण तो सर्व्हर आमच्याहून हट्टी निघाला. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन अगदी शहाण्यासारखं पूर्ण व्हायचं, मशीन पुन्हा सुरू केलं की काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. विलास ओळीने दोन शनिवार आला. दोन्ही वेळा ती रेघ तशीच. दुसऱ्या शनिवारी बस गाठायला निघताना तो पोरांना म्हणाला, "पुढच्या शनिवारी तुमी इथंच पेपर देसान." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आवाजात ती जुनी, शेंगदाणे खातानाची मजा. "कुंदा, मले समजलं ते काहून चालू होऊन नाही राहिलं." मी पेन शोधत म्हटलं, "सांग." "फोनवर नाही सांगत. फोनवर तू नुसती बटनं दाबशीन. शनिवारी येतो, तुह्याच हातानं करवतो." मी चिडले, वाद घातला. तो हसला आणि फोन ठेवला. तेच शेवटचं बोलणं.

अमरावतीला जाऊन आले. मायाजवळ बसले, तिच्याशी काय बोलले ते आठवत नाही. नंतर बरेच दिवस सर्व्हरकडे पाहवेना, पण परीक्षा जवळ आली होती आणि पोरं विचारायला धजत नव्हती, नुसती खोलीच्या दारात घुटमळत. एका रविवारी सकाळी मी बसले. मशीन सुरू होण्याची जुनी पद्धत सेटिंगमधून काढून नवी लावली. आतली दुसरी, जुनी डिस्क उपसून बाहेर ठेवली. पेनड्राइव्ह पुसून नव्याने तयार केला आणि सगळं पहिल्यापासून बसवलं. सर्व्हर सुरू झाला. काळ्या पडद्यावर ओळी सरसर वर जायला लागल्या आणि मागे पोरांनी जो काही आरडाओरडा केला... मीही हसत होते. मग एकदम लक्षात आलं. मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मी. अडचण नेमकी कशात होती हे आता मला ठाऊक नव्हतं, आणि त्याला तिन्हींतलं कोणतं सुचलं होतं हेही नाही. कदाचित चौथंच काही असेल. मी तिथेच पोरांसमोर रडले.

एखाद्या सुट्टीला अभ्यासिका बंद असताना एकेक बदल उलटा करून पाहता येईल. पण मी ते करत नाही. बिघाड कुठला होता ते त्यातून कळेल, विलासला काय कळलं होतं ते नाही कळणार. ते त्यालाच विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं होतं, हेच तर दुःख आहे. कधी कधी फार राग येतो त्याचा. एक वाक्य होतं रे, विलास. चहा गार झाला नसता तेवढ्यात सांगून झालं असतं.

आता ती खोली सकाळपासून भरलेली असते. सर्व्हरच्या पंख्याच्या घरघरीत पोरं पेपर सोडवतात आणि विलासकाका कोण होते हे नव्या पोरांना जुनी पोरं सांगतात. परवा तेल्हाऱ्याच्या एका शाळेतल्या सरांचा फोन आला. त्यांनीही कुठला तरी जुना सर्व्हर मिळवला आहे. "मॅडम, इन्स्टॉल त झालं, पन चालू केलं का काळा पडदा. तुमी शनिवारी येता का इकडे? आमाले शिकाले भेटन." मी त्यांना तिन्ही गोष्टी सांगितल्या, सावकाश, एकेक करून, लिहून घ्यायला लावल्या. त्यांनी विचारलं, "मंग याच्यातली आधी कोनती करू?"

"तिन्ही करा, सर," मी म्हटलं. "आत्ताच करा. मी फोन ठेवत नाही."