अक्काच्या खुराड्यामागची खिडकी

रेखाचा फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये मुलांना वेल्डिंगचा सांधा कसा तपासायचा ते दाखवत होतो. रेखा म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची, अक्काची सून; सासूला ती माय म्हणायची. "मामा, माय गयी," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग रडू आवरून म्हणाली, "कोंबड्या अजून कोंडेल शेतस." धुळ्याहून शिंदखेड्याकडे जाताना बसमध्ये तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं... उजाडायच्या आत खुराडं उघडणारी बाई त्या दिवशी उठलीच नव्हती.

अक्काला जाऊन आता सव्वा महिना झाला. शेवंता तिचं नाव, पण गावातले लहानथोर तिला अक्काच म्हणायचे. आमची आई लवकर गेली. मला अक्कानंच वाढवलं. कापूस वेचायला जाताना एका कडेवर मी आणि दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. मी आयटीआयमध्ये शिकवायला लागलो तेव्हा तिनं गावभर साखर वाटली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला तिच्या खुराड्याबद्दलच लिहायचं आहे. कारण ते मी बनवलं होतं, आणि त्यात माझ्या हातून एक चूक झाली होती, जी अक्कानं मला कधीच दाखवली नाही.

आधीचं खुराडं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि मातीचं होतं. एकदा मुंगसानं त्यातल्या चार कोंबड्या मारल्या, आणि अक्का दोन दिवस जेवली नाही. मला राहवेना. लोखंडी अँगल आणि पत्रा आणून मी सुट्टीत तिला नवं खुराडं करून दिलं. घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं. तिथं निंबाची सावली होती आणि भिंतीचा आधारही. वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाचं काम ते, कुठं फट म्हणून ठेवली नाही. अक्कानं चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हाई कोंबड्यासनं घर शे का तिजोरी?" मला ती शाबासकीच वाटली.

त्या वर्षी आमच्याकडे थंडी कडक पडली. मी धुळ्यातून फोन करून वर बजावत होतो, संध्याकाळी खुराड्यावर गोणपाट टाकत जा म्हणून. पुढच्या सुट्टीत गेलो तर दोन कोंबड्या मेलेल्या, उरलेल्यांचे डोळे चिकटलेले, नाकं वाहत होती. मी लगेच साथ आली असं ठरवून औषध आणायला निघालो. अक्कानं माझा दंड धरला, खुराड्यापाशी नेलं आणि दार उघडून म्हणाली, "डोकं मझार घाल. आते श्वास ले." घेतला. विष्ठेचा उग्र दर्प नाकातून थेट डोक्यात गेला, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि मी खोकत मागे झालो. आतून पत्र्याला दव सुटावं तसं पाणी सुटलं होतं. "तुले घटकाभर सहन व्हत नही," अक्का म्हणाली, "त्या रातभर बठतस आठे."

मी वाद घातला. भोकं पाडली तर थंड वाऱ्यानं उरलेल्याही मरतील, असं तिला समजावून सांगायला लागलो. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "वारा आंगले लागाले नको, पन खराब हवा वरथून निंघी जावाले पाहिजे." आणि माझाच पत्रा मला माझ्याच हातानं कापायला लावला! छपराच्या खाली, दोन्ही बाजूंना, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच अशी चार बोटांची पट्टी मी कापली आणि मुंगूस शिरू नये म्हणून तिथं जाळी मारली. जीव जळत होता. तिनं कापसाची एक सैल वात वळली आणि त्या जाळीला टांगली. वात वर हलली पाहिजे. तशीच वात दांडीपाशी धरली तर हलता कामा नये. हे तिचं सगळं शास्त्र. आठवड्याभरात कोंबड्या माणसात आल्या, आणि पुढं कित्येक दिवस अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की माझ्या भावानं तिजोरीला खिडक्या केल्या.

तेव्हापासून तिचा तो नेमच झाला. सकाळी दार उघडायचं, वाकायचं, डोकं आत घालून श्वास घ्यायचा. वास आला तर खालचा भुसा बदलायचा. उन्हाळ्यात पत्रा तापला तर त्यावर ओलं गोणपाट. मी गेलो की मलाही वाकायला लावायची.

मग तिचा खोकला सुरू झाला. भुशाची धूळ म्हणून तिनं तो बरेच दिवस अंगावर काढला. शेवटी मी आणि रेखा तिला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. घरात गॅस होता, रेखा पुढच्या खोलीत त्यावर स्वयंपाक करायची. पण भाकरी चुलीवरचीच, आणि ती अक्काच करणार. डॉक्टरांनी विचारलं, "चुलीच्या खोलीला खिडकी आहे का?" मी ठामपणे म्हणालो, "आहे ना, मागच्या भिंतीला." अक्का खाली बघायला लागली. रेखा हळूच म्हणाली, "मामा, ती खिडकी खुराडामांगे गयी. फळी ठोकेल शे."

खुराडं ठेवलं त्याच आठवड्यात तिनं ती ठोकली होती. खुराड्यातला वास आणि पिसं आत यायला लागली, म्हणून. मला बोलली नाही. परतताना मी तिच्यावर चिडलो, सांगितलं का नाहीस म्हणून. ती म्हणाली, "तुनी केवढी हौस व्हती, भाऊ."

चुलीच्या धुरानं झालेलं हे छातीचं दुखणं पन्नास वर्षांचं आहे, एका खिडकीचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते मला पटतं. तरीही झोप लागत नाही. कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घालून श्वास घ्यायला मी शिकलो. आणि त्याच भिंतीच्या अलीकडे, तिच्या शेजारी पाटावर बसून, धुरानं भरलेले डोळे बाहीला पुसत मी किती वेळा म्हणालो असेन, अक्का, अजून एक भाकर दे...

खुराडं लगेच हलवायचं ठरलं होतं. अक्काच नको म्हणाली. एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला धक्का नको. "पिलं निंघू दे." पिलं निघाली. मग आयटीआयच्या परीक्षा आल्या, मग मी सुट्टीवर ढकललं. सुट्टी लागायच्या आत रेखाचा फोन आला.

अक्काचा जलदान विधी आटोपून पाहुणे गेल्यावर मी आणि रेखानं मिळून खुराडं ओढलं, थेट निंबापलीकडे नेलं. मग स्वयंपाकघरात येऊन फळीचे खिळे उपसले. चुलीवर उजेड पडला. भिंत किती काळी झाली होती ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. रेखानं न सांगता कापसाची वात वळून आणली आणि मी ती खिडकीच्या गजाला बांधली. वात हलायला लागली. अक्काचा पाट चुलीपुढं तसाच होता. मी त्यावर बसलो आणि तिनं शिकवला होता तसा श्वास घेतला. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. धूर कुठंच नव्हता.