शेंदराखालचं हरिण

देवाला आणि प्रवाशाला सारख्याच आवाजात दटावणारा माणूस सबंध कंधार तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी कंडक्टरकी अंगातून उतरली नाही. पंगतीतसुद्धा "पुढं सरका, मधी जागा हाय" म्हणायचे. घर छप्पन सालीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. देवळाची सावली रस्त्यावर पडली असेल तर दाजी पलीकडून उन्हातून जात, आणि वर "ऊन हाडाला चांगलं असतंय" असं सांगत.

त्यांचा जीव जडला होता गावामागच्या टेकडीतल्या एका कपारीवर. आत भिंतीवर गेरूनं काढलेली चित्रं होती: मागं वळून बघणारं हरिण, हातात हात घालून नाचणारी माणसं, आणि पार वर छताशी एका लेकराच्या पंजाचा ठसा. अक्षर जन्मायच्या आधीच्या माणसांनी काढलेली. पाहुणा आला की चहाच्या आधी कपार. तिथंही आतला बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला सोडायचे नाहीत, आणि कुणाचा हात उचलला की ओरडायचे, "हात लावू नका! घामानं रंग जातंय." माझ्या भाचीला बघायला आलेल्या मंडळींना त्यांनी असंच ताटकळत ठेवलं आणि सोयरीक मोडली. अक्का महिनाभर बोलली नाही. दाजींचं म्हणणं, "हरणापुढं जांभया देणाऱ्या घरात पोरगी द्यायची होती का?"

मग टेकडीवर खडी क्रशर आलं. दाजींनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. "बघू" यापलीकडं कुणी काही बोललं नाही. सुरुंगाची भोकं कपारीजवळ आली तेव्हा दाजींनी बाजारातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि कपारीच्या तोंडाशी पडलेला एक धोंडा स्वतःच्या हातानं माखला. जन्मात कुठल्या देवापुढं मान न लववलेल्या माणसानं देव केला. मला म्हणाले, "मेहुणे, तुमच्या अक्काला सांगू नका." अक्कानं त्यांचे हात पाहिलेच. तिनं साबण तेवढा आणून दिला.

मजुरांनी सुरुंग लावायला नकार दिला, ठेकेदारानं नारळ फोडला आणि टेकडी वाचली. पण एकदा बसलेला देव कुणाचं ऐकतो! अमावस्येला गर्दी व्हायला लागली. धोंडा माखून उरलेला शेंदूर लोक भिंतीला फासू लागले. दाजी ओरडायचे, "हात लावू नका!" लोकांना ते पुजारी वाटायचे, ते दाजींच्याच पाया पडायचे. देव खोटा आहे म्हणावं, तर क्रशर परत येणार. आधी नाचणारी माणसं गेली, मग हरिण.

परवा गेलो तर दाजी कपारीत एकटेच बसले होते. भिंतीवरून तेल ओघळत होतं. कुणाचा हात पोचत नाही म्हणून वर लेकराचा पंजा तेवढा शाबूत होता. सवयीप्रमाणे मी हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. दाजींनी माझा हात ओढून घेतला, हरणाची मान होती तिथं शेंदरावर टेकवला आणि म्हणाले, "लावा, मेहुणे. आता काय जायचं ऱ्हायलं न्हाई."